समाज तगतो कशावर?



विहिरींचे पाणी तळाला गेले की आपल्याकडे व्याख्यानांना भर येतो, असे कोणी थट्टेने म्हणतात. आज आम्ही पाण्याविषयीच पुष्कळ बोलणार आहोत, म्हणून ही थट्टा आम्हांस गोडच वाटते. विषय मात्र जरा जड आहे. जगात सर्वत्र अनिश्चितता माजली असता माणसांचे समूह तग कसा धरतात, ह्याचा मानवशास्त्राने काय शोध घेतला आहे, हे सांगण्याचे काम चालकांनी आम्हांवर सोपविले. हा विषय नुसत्या सिद्धान्तांनी मांडला तर अर्ध्या घटकेत आपण जांभया देऊ लागाल. म्हणून आम्ही तो महाड आणि पोलादपूर ह्या दोन तालुक्यांत नेऊन ठेवणार आहोत, आणि त्यातही अखेर एका तळ्याच्या काठी.

प्रथम शब्दाचा विचार करू. पाश्चात्य अभ्यासकांनी ह्या गुणासाठी जो शब्द घेतला, तो मुळात धातूंच्या परीक्षेतला. पोलादाची पट्टी वाकवून सोडली की ती पुन्हा सरळ होते, हा तो गुण. १९७३ साली हॉलिंग नावाच्या कॅनडातील शास्त्रज्ञाने तो अरण्यांना आणि सरोवरांना लावला, आणि तेथून तो माणसांच्या वस्त्यांवर येऊन बसला. मराठीत कोणी त्याला 'लवचिकता' म्हणतात. आम्हांस हा शब्द पटत नाही. लवचीक माणूस म्हणजे वाकणारा माणूस, आणि वाकण्याचे कौतुक करण्याची आपल्याकडे मुळीच वाण नाही. कोकणातला शेतकरी लावणीनंतर पावसाने ओढ दिली तर विचारतो, 'रोपं तग धरतील ना?' हा शब्द आम्हांस बरा वाटतो. रोप तगते ते मुळांच्या ओलाव्यावर. तेव्हा प्रश्न असा होतो की समाजाच्या मुळाशी कसली ओल असते, आणि ती कोणाकोणाच्या वाट्याला येते? पट्टीच्या उपमेत हा दुसरा प्रश्न उद्भवतच नाही.

आता हा मुलूख पाहा. जुन्या महाबळेश्वरच्या देवळात पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतली कृष्णा पूर्वेस जाते. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून पोलादपुरावरून महाडास येते आणि बाणकोटच्या खाडीवाटे समुद्राला मिळते. महाड एके काळी नामांकित बंदर होते. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून येथे उतरे आणि गलबतांतून मुंबईस जाई. समुद्र पुष्कळ दूर असूनही भरतीचे पाणी खाडीतून थेट महाडच्या अंगापर्यंत चढते. बंदराला ही गोष्ट सोयीची होती. तीच गावाला घातक ठरते. महाबळेश्वरच्या माथ्यावर रात्रभर कोसळलेला पाऊस आणि बाणकोटची भरती एका वेळी आली, की सावित्री आणि गांधारी ह्यांचे पाणी बाजारपेठेत शिरते. त्यावर गाळाची भर, पुलांचे खांब, रस्त्यांचे भराव. दासगावजवळच्या रेल्वेच्या भरावाने पाणी तुंबते अशी महाडकरांची जुनी तक्रार आहे. आणि एवढ्या पावसाच्या ह्याच मुलखात वैशाखात डोंगरातल्या वाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते! काळ्या पाषाणावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. पडलेले पाणी थांबायला तयार नाही, आणि थांबले तर डोंगर घेऊन खाली येते.

जुलै २००५ मध्ये तो तसा आला. दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन ह्या महाड तालुक्यातल्या गावांवर आणि पोलादपुरातल्या काही वस्त्यांवर दरडी कोसळल्या. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिश अमदानीतला कमानींचा पूल पुरात वाहून गेला आणि एस. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. पुढे तर संकटांनी श्वास घ्यायला उसंत दिली नाही. मार्च २०२० मध्ये महासाथीची टाळेबंदी, ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ, त्याच वर्षी २४ ऑगस्टला महाडातील एक पाच मजली इमारत कोसळून सोळा बळी, आणि २२ जुलै २०२१ ला महाडात महापूर व त्याच दिवशी तळिये गावी दरड. तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. रस्ते पाण्याखाली, तारायंत्रे मुकी. शासनाची मदत तेथे पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की मध्य भारताच्या पट्ट्यावर व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या आहेत. जगाच्या कारखान्यांचा धूर आणि पोलादपूरच्या डोंगराची माती ह्यांचा असा संबंध जोडला गेला आहे.

अशा प्रसंगी माणसे नेमके काय करतात? शास्त्रज्ञांनी ह्याची प्रत्यक्ष पाहणी फार उशिरा सुरू केली. त्यांतले आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते रेमंड फर्थ ह्यांचे काम. पॅसिफिक महासागरात टिकोपिया नावाचे चिमुकले बेट आहे. फर्थ तेथे १९२८-२९ मध्ये राहून गेले होते. १९५२ च्या जानेवारीत बेटावर चक्रीवादळ आले, बागा उद्ध्वस्त झाल्या, आणि त्या वर्षी फर्थ पुन्हा तेथे गेले. पुढल्या वर्षी दुसरे वादळ. मधल्या काळात दुष्काळ. म्हणजे एकच समाज सुखात आणि उपासमारीत असा दोनदा पाहण्याची संधी ह्या एका माणसाला मिळाली. त्यांनी काय पाहिले? भाबड्या लोकांना वाटते तसे सारे बेट एकदिलाने वागले नाही. चोऱ्या वाढल्या. लांबच्या सोयऱ्यांना घास देणे थांबले. वाटून खाण्याचे वर्तुळ आखडत आखडत चुलीपुरते उरले. समारंभ टाकून दिले नाहीत, पण त्यांतला खर्च काटून टाकला. तरीही नात्यांची भाषा कोणी सोडली नाही. जो देऊ शकत नव्हता, तो आपण द्यायला हवे होते असे म्हणत राहिला. पुन्हा पीक आले तेव्हा वर्तुळ हळूहळू मोठे झाले. सरकारी जहाजाने आणलेला तांदूळही त्यांच्या वाचण्यात मोलाचा होता, हे फर्थ लपवीत नाहीत. आम्ही ह्यातून एवढेच घेतो की समाज टिकतो म्हणजे त्यातली माणसे देवमाणसे होतात असे नव्हे. कोठवर आखडायचे आणि पुन्हा केव्हा पसरायचे, ह्याचा त्यांना सराव असतो.

तसा सराव आमच्या ह्या दोन तालुक्यांत आहे काय? आहे, आणि तो पुष्कळ जुना आहे. त्याचे पहिले नाव 'सावड'. लावणीच्या दिवसांत आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. मजुरी नाही, दुपारची भाकरी आणि कालवण ज्याचे शेत त्याचे. घर शाकारायचे, मयताला खांदा द्यायचा, आजाऱ्याला डोलीतून डोंगर उतरवायचा, ही सारी सावडीचीच रूपे. हिशेब कोणी लिहीत नाही, पण कोण किती दिवस आला हे बायकांना तोंडपाठ असते. त्यावर 'भावकी', आणि तिच्यावर 'गावकी'. गावकीजवळ देवाची पालखी असते आणि बरोबर भांड्यांचा संच असतो: मोठे टोप, हंडे, पराती. लग्नकार्याला ती भांडी निघतात. पूर ओसरल्यावर अख्ख्या वाडीचे जेवण रांधायचे झाले तरी तीच निघतात. अभ्यासक 'सामाजिक भांडवल' असा बोजड शब्द वापरतात. आम्हांस त्याच्या जागी गावकीचा टोप दिसतो. शिमग्यात पालखी दारोदार फिरते तेव्हा गावातले प्रत्येक घर मोजले जाते. कोण मुंबईस गेला, कोणाकडे सून आली, कोणाचे दार बंद, हे सारे वर्षातून एकदा तपासून निघते. महाडात विरेश्वराच्या छबिन्याला आसपासच्या गावांच्या पालख्या भेटीस येतात, तेव्हा गावागावांतली ओळखही ताजी होते.

दुसरा आधार मुंबई. केवळ भाताच्या आणि नाचणीच्या बळावर हा डोंगर कधीच जगला नाही. गिरण्या निघाल्या तसे इथले तरुण तिकडे गेले. लालबाग-परळच्या चाळींत गावाच्या नावाने खोली असे. एका खोलीत वीस-पंचवीस जण; दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच वळकटीवर आडवे होत. दरमहा वर्गणी, त्यातून खोलीचे भाडे, आजारपण, आणि गावच्या देवळाचे कौलही. घरची बाई मनीऑर्डरीवर संसार चालवी आणि जमीन पडू देत नसे. ह्या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व १८ जानेवारी १९८२ नंतर कळले. गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. तेव्हा जे गावी परतले, त्यांना चार घास मिळाले ते बायकांनी राखलेल्या खाचरांतून. खाडीकाठच्या मुसलमान घरांतून हीच गोष्ट आखाती देशांच्या बाबतीत घडली. १९९० साली कुवेतवर आक्रमण झाले तेव्हा तिकडची नोकरी गेलेल्यांना इकडचे घर होते. म्हणजे हे कुटुंब दोन पायांवर उभे असते आणि एक घसरला की दुसऱ्यावर भार टाकते. बाजाराने एक पाय घसरविला, पावसाने दुसरा. दोन्ही एकदम घसरण्याचा प्रसंग २०२० मध्ये आला. मुंबईचे काम बंद, चाकरमानी महामार्गाने चालत निघालेला, आणि कित्येक गावांनी वेशीवर आडवी लाकडे टाकलेली. ज्याच्या वर्गणीने देऊळ उभे राहिले, त्याला देवळाच्या आवारात यायला मज्जाव! टिकोपियातले वर्तुळ आखडले, ते असे. पुढे शाळांतून विलगीकरणाची सोय झाली, घरचे डबे वेशीपर्यंत पोहोचू लागले, आणि कोंडी फुटली.

इथवर ऐकून आपणांस वाटेल की गावकीचे गुणगान करण्यास आम्ही उभे आहोत. अलीकडे तसे गुणगान पुष्कळ चालते. परिषदा भरतात, 'समाजाच्या अंगभूत सामर्थ्याचा' गौरव होतो. आम्हांस त्यात एक मोठी गाळलेली जागा दिसते. ती दाखविण्यासाठीच आम्ही महाड निवडले.

महाडच्या वस्तीत चार-पाच एकरांचे एक तळे आहे. त्याच्या चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते आणि पलीकडे घरे. चवदार तळे ते हेच. वैशाखात डोंगरातल्या विहिरी आटत, पण तळ्यात पाणी असे. बाजाराला आलेला हिंदू तेथे पाणी पिई, मुसलमान पिई, गुरेही पीत. महार, चांभार मात्र काठावरून जाऊ शकत. ओंजळ बुडवू शकत नव्हते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादुर सी. के. बोले ह्यांच्या ठरावाने मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस हे तिचे अध्यक्ष. ठराव कागदावर राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली. परिषदेच्या मंडपात पिण्यासाठी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. श्रोतेहो, १९२७ चे चाळीस रुपये! पाण्याचा दर काय आणि कोणाला किती, ह्याचा इतका चोख हिशेब आम्ही दुसरीकडे पाहिलेला नाही. २० तारखेला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

मग गावकीने काय केले, ते मानवशास्त्राच्या डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. विरेश्वराच्या देवळात महार शिरणार अशी आवई उठली. छबिन्याला ज्या वाटांनी पालख्या येतात, त्याच वाटांनी ती फिरली असावी. अर्ध्या-एक तासात माणसे काठ्या घेऊन जमली, मंडपातले अन्न मातीत मिसळले, परतणाऱ्या प्रतिनिधींना गाठून मारले. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. आलेल्यांत लष्करातले निवृत्त शिपाई पुष्कळ होते. त्यांनी उलट हात उचलू नये ह्यासाठी डॉ. आंबेडकरांना आपला सारा अधिकार खर्च करावा लागला. पुढे तळे 'शुद्ध' करण्यात आले. एकशे आठ घागरी पाणी काढले. शेण, गोमूत्र, दूध, दही ह्यांनी भरलेल्या घागरी तळ्यात ओतल्या, मंत्र म्हटले. बिघडलेली घडी पूर्ववत करणे हाच जर तग धरण्याचा अर्थ असेल, तर श्रोतेहो, हा त्याचा अगदी शाळेत शिकविण्याजोगा नमुना आहे. समाजाला धक्का बसला. समाजाने एकजूट केली, वर्गणी काढली, विधी केला, आणि पट्टी पुन्हा सरळ झाली.

आणि खेड्यांतून बहिष्कार सुरू झाला. कसायला दिलेल्या जमिनी काढून घेतल्या, मजुरी बंद, दुकानातले मीठमिरची बंद. १९२८ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिच्यावर डॉ. आंबेडकरही होते, १९३० च्या अहवालात ह्या बहिष्काराला दलितांविरुद्धचे सर्वांत भयंकर हत्यार ठरविले. सावडीची जी घट्ट वीण आम्ही मघाशी वर्णिली, तीच येथे फास झाली. एकमेकांवाचून ज्यांचे चालत नाही, तेथे 'उद्यापासून तू आमच्यात नाहीस' एवढे शब्द पुरे होतात. हा भूतकाळ आहे असे कोणी समजू नये. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत ह्याच रायगड जिल्ह्यातून गावकीने कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकल्याच्या तक्रारी एकामागून एक येत होत्या, आणि त्यांत सर्व जातींची माणसे होती. त्यातूनच महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो २०१७ मध्ये अमलात आला.

आता काठाबाहेरच्या त्या समाजाकडे वळू, कारण तग कशाला म्हणतात हे आम्हांस त्याच्याकडून अधिक शिकता आले. गावकीचे टोप त्याला मिळत नव्हते. सावड आपसांत, तीही जमीन अपुरी म्हणून तोकडी. त्याने दूरच्या दोऱ्या वळल्या. पहिली दोरी लष्कराची. महाडजवळच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले. महारांची भरती बंद झाली तेव्हा त्यांनी अर्ज लिहिले; १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा वरच्या वर्गात गहजब उडाला. लष्कराने त्या पिढीला निवृत्तिवेतन दिले आणि लिहायला-वाचायला दिले. दुसरी दोरी मुंबईची: गोदी, गिरण्या, नगरपालिका, आणि चाळींतली जातभाईंची पंचायत. तिसरी दोरी जातीबाहेरच्या मित्रांची: अनंतराव चित्रे, गं. नी. सहस्रबुद्धे, टिपणीस. परिषद महाडात घ्यावी ही खटपट मुख्यत्वे ज्यांची, ते रामचंद्र बाबाजी मोरे दासगावचे. २००५ साली जेथे दरड आली तेच दासगाव.

डिसेंबरात सत्याग्रह ठरला तेव्हा ह्या दोऱ्यांची परीक्षा झाली. महाडात जागा द्यायला हिंदू तयार नव्हते. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. बाजारातून शिधा मिळेना, म्हणून तो बाहेरून आणला. मुंबईहून मंडळी 'पद्मावती' बोटीने दासगावच्या बंदरात उतरली आणि तेथून पायी महाडास आली. १९२७ च्या २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. पण न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आला होता, म्हणून तळ्यावर जाणे स्थगित करण्यात आले. हजारो माणसे पाण्याच्या काठाशी येऊन, शिस्तीत फेरी काढून, तहानलेली परत गेली. आम्हांस हा प्रसंग मार्चमधल्या त्या ओंजळीहूनही मोठा वाटतो, पण ह्याबाबत मतभेद होऊ शकेल. त्यानंतर दिवाणी दावा. महाडचे न्यायालय, ठाण्याचे न्यायालय, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालय. अपृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादि काळापासून असल्याचे वादी सिद्ध करू शकले नाहीत, असा निकाल न्यायमूर्ती ब्रूमफील्ड ह्यांनी दिला. (१९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना शिक्षा ठोठावणारे न्यायाधीश ते हेच.) घोटभर पाण्यासाठी दहा वर्षे! मधल्या दहा उन्हाळ्यांत खेड्यांतल्या बायकांनी पाणी कोठून आणले, हे मात्र कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नाही. संशोधनाचा खरा विषय तोच आहे असे आमचे मत आहे.

ह्या दोन तऱ्हांतला फरक पाहा. गावकीचा तग जागेला आणि रक्ताला बांधलेला. बहिष्कृतांचा तग हक्काला आणि दूरच्या मैत्रीला बांधलेला. पहिला पुरात त्याच रात्री धावून येतो. दुसरा यायला वेळ लागतो, पण तो माणसाला 'तू कोणाचा' असे विचारीत नाही. ज्याला पहिला मिळतो त्याला दुसऱ्याची आठवण येत नाही, आणि येथेच दरडींचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

तळिये गावची जी वाडी गेली ती कोंढाळकरवाडी. नावातच कुळ आहे. कोकणात वाडी म्हणजे बहुधा एक भावकी. घराला घर लागून, कारण संकटात हाक ऐकू आली पाहिजे. पण डोंगराचा एकच तुकडा सुटला की आजोबा, चुलते, पुतणे, हाक मारणारा आणि ऐकणारा, सारे एकदम जातात. जो उरतो त्याच्या मागे सावडीला कोणी नाही. मुंबईस कामाला होता म्हणून वाचला, असा चाकरमानी परत येतो तो मोकळ्या जागेवर. अशा वेळी भावकीच्या सामर्थ्याचे गोडवे गाऊन भागत नाही. जमीन, घर, तपासणी, रस्ता हे शासनाने द्यावे लागते, आणि लवकर द्यावे लागते. तळियेकरांना नवी घरे हाती पडायला वर्षे लागली. तोवर पत्र्याच्या आडोशाला उन्हाळे काढणे आले. येथे 'लोक फार चिवट आहेत हो' असे कोणी अधिकारी कौतुकाने म्हणाला, तर त्याचा आम्हांस राग येतो. काही मानवशास्त्रज्ञ तर हा शब्दच टाकून द्यावा म्हणतात, कारण राज्यकर्त्यांना तो जबाबदारी झटकायला उपयोगी पडतो. आम्ही शब्द टाकणार नाही, पण त्यांची शंका खरी मानतो.

नवी घरे कोठे आणि कशी, ह्यावर जगाचा अनुभव काय? अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात १९७२ साली कोळशाच्या गाळाचा बांध फुटून बफेलो क्रीकच्या खोऱ्यातली खेडी वाहून गेली. सरकारने घरे तत्परतेने दिली, पण शेजार मोडून, जो येईल त्याला पुढचे घर अशी. काई एरिक्सन ह्यांनी नंतर लिहिले की माणसे पुराने जेवढी खचली नाहीत, तेवढी शेजार हरवल्याने खचली. पेरूत १९७० साली हिमकड्याखाली युंगाय शहर गाडले गेले. उरलेल्यांना सरकार दूर हलवू पाहत होते, तर ते आपल्या मेलेल्यांच्या जवळच बसले आणि तेथेच नवे गाव उभारून राहिले. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जी गावे नव्याने वसविली, त्यांतले सरळ रुंद रस्ते आणि दूरदूरची घरे लोकांच्या अंगवळणी पडायला फार काळ गेला. पोलादपूरच्या पूर्वेस, सह्याद्रीपलीकडे कोयनेचे खोरे आहे. तेथल्या धरणग्रस्तांची पाहणी इरावतीबाई कर्वे आणि जाई निंबकर ह्यांनी केली आणि ती १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. उठविलेल्या माणसांचे पुढे काय झाले हे घरोघर जाऊन विचारणे, हे काम आपल्या शास्त्राने तेव्हा केले होते. जुई, दासगाव, तळिये येथे ते आज कोणी सातत्याने करील तर आम्हांस आनंद होईल.

शेजार जपावा, हे तर खरे. पण पुन्हा तळे आडवे येते. कोणता शेजार? जुन्या गावात बौद्धवाडी एका टोकाला आणि कातकरीवाडी गावाच्या शिवेबाहेर, तर नव्या नकाशातही ती तशीच टाकायची काय? कातकऱ्यांची गोष्ट सर्वांत बिकट. पावसाळ्यानंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामावर जातात. झोपडीखालची जमीन बहुधा दुसऱ्याच्या नावावर. शिमग्याची पालखी त्यांच्या दारी जात नाही, म्हणून घरांच्या त्या वार्षिक मोजणीत ती नाहीत. पंचनाम्याच्या वेळी ती भट्टीवर, म्हणून तलाठ्याच्या यादीतही नसण्याचा धोका. दरड मात्र त्यांना वगळीत नाही. तग धरण्याच्या बाबतीत महाराष्ट्रात सर्वांत तरबेज कोण असे विचारले तर आम्ही कातकऱ्यांचे नाव घेऊ, आणि त्या तरबेजपणाने त्यांना काय दिले असे विचारले तर आम्हांस उत्तर देता येणार नाही.

तेव्हा आमची सूचना अगदी लहान आहे. दरवर्षी मृगापूर्वी तहसीलदार कचेरीत आपत्तीची बैठक होते. धोक्याच्या वाड्यांची यादी निघते, नोटिसा बजावल्या जातात, आणि 'स्थलांतर करावे' असे त्यांत लिहिलेले असते. कोठे जावे हे क्वचितच लिहिलेले असते. ह्या यादीत तीन रकाने वाढवावेत. पहिला, ह्या वाडीचा माणूस रात्री कोणाच्या घरी जाईल, त्या घराचे नाव. दुसरा, तेथे पाणी कोठले पिईल. तिसरा, वाडीतली जी माणसे कामासाठी बाहेर आहेत त्यांची नोंद, भट्टीवरच्यांसह. हे रकाने कचेरीत बसून भरता यायचे नाहीत. गावात जाऊन, सर्व वाड्यांना एका ओट्यावर बसवूनच भरावे लागतील. पहिला रकाना भरताना काही गावांत बराच वेळ शांतता पसरेल, असा आमचा अंदाज आहे. मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याने वही घेऊन नेमके त्या वेळी तेथे असावे.

दर २० मार्चला चवदार तळ्याच्या काठी दूरदूरहून माणसे येतात. मुंबईहून, विदर्भातून, मराठवाड्यातून. रात्रीच्या एस. टी.ने आलेल्या बायका पहाटे पायऱ्या उतरून ओंजळ भरतात, थोडे पाणी बाटलीत घेतात आणि गावी नेतात. त्याच आठवड्यात वरच्या डोंगरात पहिला टँकर मागविण्याचे अर्ज लिहिले जात असतात. चालकांनी दिलेली वेळ संपली आहे. प्रश्न असतील तर आम्ही येथेच बसलो आहोत.